अधिवेशन नसलेल्या महिन्याचा अहवाल

नाशिक,
५ जुलै

चि. अनुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

खासदारांच्या जून महिन्याच्या कार्यअहवालाचा तू पाठवलेला मसुदा मी सावकाश वाचला. सोबत तू लिहिले आहेस की जूनमध्ये अधिवेशन नव्हते, त्यामुळे संसदेच्या भागात लिहिण्यासारखे काही नाही, आणि मतदारसंघाच्या भागात भूमिपूजने, भेटी व निवेदने यांची यादी तेवढी उरते. या एका वाक्याबद्दलच मला तुला लिहायचे आहे. माझी नोकरी जिल्हा नियोजन कार्यालयात झाली आणि तिच्या शेवटच्या काही वर्षांत खासदार निधीचे टेबल माझ्याकडे होते, म्हणून दिल्लीचा कागद जिल्ह्यात कसा उतरतो आणि जिल्ह्यातली अडचण दिल्लीला कोणत्या रूपाने जाते, हे मला जवळून पाहता आले. तुझ्या खासदारांचा जिल्हा वेगळा आहे. उदाहरणे मात्र मी नाशिकची देणार आहे, कारण त्यांविषयी मी खात्रीने बोलू शकते.

वर्षातून तीन अधिवेशने होतात, अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी, आणि दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये एवढेच बंधन राज्यघटनेने घातले आहे. सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत सभागृहाच्या बैठका झाल्या एकूण २७४, म्हणजे वर्षाला सरासरी ५५ च्या आसपास. खासदाराच्या कामाचा हिशेब केवळ बैठकांवरून मांडायचा तर वर्षातले बहुतेक महिने कोरे सोडावे लागतील, आणि ते खरे चित्र नव्हे.

प्रश्नाचेच घे. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात जे प्रश्न पुकारले जातील, त्यांचा विचार जूनच्या अखेरीस आणि जुलैच्या आरंभी व्हायला हवा. त्या दिवसांत खासदार कोठे असतात? मतदारसंघात, लोकांची निवेदने घेत. तेव्हा तुझ्या मसुद्यातला ‘निवेदने स्वीकारली’ हा रुक्ष शब्दप्रयोग म्हणजे खरे पाहता संसदीय कामाची पहिली पायरी आहे. आलेल्या निवेदनांपैकी कोणती केंद्राच्या अखत्यारीतली, कोणती राज्याची, कोणती महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची, ही वर्गवारी ज्या कार्यालयात नीट होते त्याच कार्यालयातून चांगला प्रश्न जातो. गटाराची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला खासदारांनी परत पाठवू नये, ते पत्र संबंधित अधिकाऱ्याकडे जायलाच हवे; परंतु ती तक्रार आणि सभागृहात मांडायचा विषय यांतला फरक अहवाल लिहिणाऱ्याला कळला पाहिजे.

आता कांद्याची गोष्ट सांगते, कारण मतदारसंघ आणि संसद यांचा सांधा तिच्यात मला सर्वांत स्पष्ट दिसतो. बाजार समिती हा राज्याच्या कायद्याचा विषय आहे, आयात-निर्यात मात्र पूर्णपणे केंद्राची. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले तेव्हा जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले. पुढे ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद झाली. ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, पण निर्यातीवर ४० टक्के शुल्क होतेच. सप्टेंबर २०२४ मध्ये ते निम्मे झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण काढले गेले. यातली डिसेंबरची तारीख नीट पाहा. हिवाळी अधिवेशन ४ डिसेंबरला सुरू झाले होते आणि २१ डिसेंबरला संपले. बंदी आली तेव्हा संसद भरलेली होती, तरीही त्या दिवशी दिलेल्या प्रश्नाच्या सूचनेचे १५ दिवस पूर्ण होईपर्यंत अधिवेशन उरणार नव्हते. कमी मुदतीत विचारता येणारा अल्पसूचना प्रश्न आहे, पण तो मंत्र्यांच्या संमतीवर अवलंबून. अशा वेळी हाती राहतात मुख्यतः दोन मार्ग. एक शून्य प्रहर, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे विषय मांडण्याची वेळ, जिथे मंत्र्यांवर तिथल्या तिथे उत्तर देण्याचे बंधन नसते परंतु विषय त्याच दिवशी देशापुढे येतो. आणि दुसरा लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांतला नियम ३७७, ज्याखाली सदस्य २५० शब्दांच्या आत आपला मजकूर मांडतो आणि त्यावर मंत्रालयाकडून लेखी उत्तराची अपेक्षा ठेवता येते. कोणता विषय कोणत्या दाराने न्यायचा हे ज्याला वेळेवर सुचते, तोच शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो. ‘खासदारांनी कांद्याचा प्रश्न उचलला’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या नियमाखाली, नेमके काय मागितले आणि मंत्रालयाने काय लिहून दिले, हे लिहिलेस तर सिन्नरच्या शेतकऱ्यालाही त्यातून आपली बाजू कोठवर पोहोचली हे समजेल.

सिन्नर म्हटले म्हणून आठवले. लासलगावची कांद्याची बाजारपेठ नाशिक लोकसभा मतदारसंघात येत नाही. ती ज्यात येते तो निफाड तालुका दिंडोरी मतदारसंघात आहे, आणि जिल्ह्याचा मालेगाव-बागलाणचा भाग धुळे मतदारसंघात. लोकांना ही सीमा ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नाही; त्यांचा माल जिथे उतरतो तिथे त्यांचा प्रश्न असतो. तुझ्याकडे शेजारच्या मतदारसंघातले पत्र आले तर ते ‘आपल्या क्षेत्राबाहेरचे’ असा शेरा मारून बाजूला ठेवू नकोस. दोन खासदारांनी एकाच विषयावर वेगवेगळे प्रश्न दिले तर प्रश्नांचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत त्यांतला एखादा वर येण्याची शक्यता वाढते.

सोडतीविषयीही अहवालात प्रामाणिकपणे लिहावे असे मला वाटते. एका दिवसाच्या यादीत तारांकित प्रश्न २० असतात आणि अतारांकित २३० पर्यंत. तारांकितावर मंत्री तोंडी उत्तर देतात व पुरवणी प्रश्न विचारता येतो, पण प्रश्नोत्तराचा तास एकच असल्याने यादीतले मोजकेच प्रश्न प्रत्यक्ष चर्चेला येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळते आणि लोक त्याला दुय्यम समजतात. मला मात्र नोकरीत लेखी उत्तराचेच महत्त्व पटले, कारण त्यात आकडे असतात, तारीख असते, आणि ते सभागृहाच्या पटलावर ठेवलेले असल्यामुळे कोणी नाकारू शकत नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ‘विषय विचाराधीन आहे’ किंवा ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती पटलावर ठेवली जाईल’ अशा शब्दांत मंत्र्यांनी उत्तर दिले तर ते आश्वासन धरले जाते. त्याची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी असा दंडक आहे आणि लोकसभेची शासकीय आश्वासनांविषयीची समिती त्यावर लक्ष ठेवते. तेव्हा मागच्या अधिवेशनातल्या उत्तरांमध्ये अशी वाक्ये शोध. त्यांच्या तीन महिन्यांची मुदत जूनमध्ये संपली असेल, तर संसदेच्या भागात लिहिण्यासारखे काही नाही असे कसे म्हणता येईल?

आता खासदार निधीकडे येते. हा विषय माझ्या हाताखालून गेलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. ही योजना २३ डिसेंबर १९९३ रोजी सुरू झाली आणि २०११-१२ पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. ‘सुचवता येतात’ हेच शब्द मी जाणीवपूर्वक वापरते. खासदार शिफारस पत्र देतात. काम नियमात बसते का ते पाहून मंजुरी देणे आणि ते करून घेणे ही जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची असते. शिफारस पत्रानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मग काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, एवढा प्रवास असतो. तुझ्या मसुद्यात शिफारस केलेली सगळी कामे ‘मंजूर’ या शीर्षकाखाली आली आहेत, ते आधी दुरुस्त कर. गावातला माणूस ते वाचतो आणि पुढच्या महिन्यात सभामंडप उभा राहील म्हणून वाट पाहतो. प्रत्येक कामापुढे ते आज कोणत्या टप्प्यावर आहे एवढे लिहिले तर पुरे. निधीपैकी १५ टक्के अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या भागासाठी सुचवायचा असतो. त्याचा हिशेब वर्षाच्या शेवटी घाईने जुळवण्यापेक्षा दर महिन्याला दाखवला तर कामेही विचारपूर्वक निवडली जातात.

आणि हा निधी किती लहान आहे तेही लक्षात घे. नाशिक लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: सिन्नर, नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, देवळाली आणि इगतपुरी. ५ कोटी सहा ठिकाणी वाटले तर एकेका वाट्याला ८३ लाखांच्या आसपास येतात. एवढ्यात एखादा चांगला रस्ता धड होत नाही. खासदाराचे खरे सामर्थ्य निधीत नाही, ते केंद्राच्या मोठ्या योजनांना जाब विचारण्यात आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी जिल्हा पातळीवर ‘दिशा’ समिती आहे, म्हणजे केंद्राच्या योजनांची जिल्ह्यातली अंमलबजावणी तपासणारी समिती. २०१६ पासून ही समिती काम करते, अध्यक्षपद खासदारांकडे असते, जिल्ह्यात एकाहून अधिक खासदार असले तर एक अध्यक्ष व इतर सहअध्यक्ष होतात, आणि दर तिमाहीत किमान एक बैठक व्हावी अशी अपेक्षा आहे.

इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांचे पाहा. पाऊस तिथे धो धो पडतो, धरणे तिथे आहेत, ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मुंबईला जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत तिथल्याच पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन दूरच्या विहिरीवर जातात. जल जीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली, प्रत्येक ग्रामीण घराला नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे तिचे उद्दिष्ट होते, आणि मुदत २०२४ वरून वाढवून २०२८ करण्यात आली. संसदेत प्रश्न विचारला तर जिल्ह्यात किती घरांना नळजोडणी झाली याचा आकडा मिळतो. तो आकडा हातात घेऊन ‘दिशा’च्या बैठकीत पाड्यापाड्याचे नाव घेऊन विचारले तर त्या नळाला उन्हाळ्यात पाणी येते की नाही, टाकी बांधली पण पाण्याचा उद्भवच आटला आहे काय, हे बाहेर येते. बैठकीत जे बाहेर आले ते पुन्हा पुढच्या अधिवेशनात प्रश्नाच्या रूपाने मंत्रालयापुढे ठेवता येते. ही दोन टोके जोडणारा माणूस खासदाराशिवाय दुसरा कोणी नाही: आमदार लोकसभेत बोलू शकत नाहीत, आणि मंत्रालयातला अधिकारी पाड्यावर जात नाही. मासिक अहवालाचे प्रयोजन मला यातच दिसते. एखादा विषय कोठून आला, कोणत्या रूपाने दिल्लीला गेला, काय उत्तर घेऊन परत आला आणि ज्याने तो सांगितला होता त्याच्यापर्यंत ते उत्तर पोहोचले का, हे महिन्यामागून महिना सलग वाचता आले पाहिजे.

दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले होते, आणि भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून त्यांनी सत्याग्रहही केले. सभागृह आणि गाव ही त्यांनी दोन कामे मानली नाहीत. म्हणूनच त्यांचे नाव आमच्या पिढीने इतक्या आदराने घेतले.

स्थायी समितीबद्दल थोडेच लिहिते. मंत्रालयांच्या कामाची छाननी करणाऱ्या संसदेच्या विभागवार स्थायी समित्यांत प्रत्येकी ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे व १० राज्यसभेचे. त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. खासदारांनी तिथे काय विचारले हे अहवाल सभागृहात सादर होईपर्यंत जाहीर करायचे नसते, म्हणून तुझ्या मसुद्यातला तो परिच्छेद काढून टाक आणि बैठकीला उपस्थिती होती एवढेच ठेव. मतदानाचा तक्ता जोडण्याचा तुझा विचार वाईट नाही, परंतु १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश (व्हिप) निघालेल्या विषयावर सदस्य बहुतेक पक्षाप्रमाणेच मत देतो, त्यामुळे त्यातून वाचकाला फारसे कळणार नाही. त्याने काय विचारले यावरून अधिक कळते.

लग्ने, दशक्रिया विधी आणि हरिनाम सप्ताह यांची यादी तू गाळलीस ते योग्य केलेस. त्यांना हजेरी लावणे मात्र वाया गेलेला वेळ समजू नकोस. आपल्याकडे माणूस कार्यालयात यायला बिचकतो आणि दहाव्याला भेटलेल्या खासदारांच्या हातात चिठ्ठी देतो. त्या चिठ्ठ्या गाडीतल्या गाडीत हरवू नयेत, त्यांना आवक क्रमांक पडावा, एवढी व्यवस्था स्वीय सहायकांना सांगून करून घे. उत्तर नकाराचे असले तरी ते कळवावे. बरेच अर्ज नियमातच बसत नाहीत. पूर्वी केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशांसाठी खासदारांना शिफारशीचा कोटा होता, तो २०२२ मध्ये बंद झाला, तरी पालक अजून येतात. त्यांना तसे पहिल्याच दिवशी सांगितले तर त्यांचे दुसऱ्या शाळेतले प्रवेश हुकत नाहीत.

मसुदा पुन्हा लिहिताना मे महिन्याच्या अहवालातले अपुरे विषय आधी घे आणि त्यांची आजची स्थिती लिही, मग जूनचे नवे. पण अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्याच्या प्रश्नांची मुदत अजून हातात असेल तर अहवाल दोन दिवस थांबव आणि निवेदनांचा तो गठ्ठा आज रात्रीच उघडून बस. खासदारांना सकाळी प्रश्नांचे मसुदे दाखवता आले पाहिजेत.

बाबांचे आशीर्वाद. जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी,
आई