आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: माझ्या वडिलांच्या वेदनेला 'भोग' म्हणू नका

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

स.न.वि.वि. मी ठाण्यात लोकमान्यनगरला राहते. परवा वडिलांचं तेरावं झालं. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरला होता.

शेवटचे एकोणीस दिवस ते एका सरकारी रुग्णालयात होते. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत, असं राज्य सरकारने जाहीर केलंय. केसपेपरचे पैसे घेतले नाहीत, हे खरं. पण कॅन्सरच्या असह्य वेदना शमवणारी मॉर्फिनची गोळी मागितली तर चिठ्ठी हातात आली, "बाहेर बघा." नौपाड्यापासून कळव्यापर्यंत मेडिकलची दुकानं पालथी घातली. दोन ठिकाणी तर नाव ऐकूनच माझ्याकडे संशयाने पाहिलं. रिकाम्या हाताने परतले, तेव्हा राउंडवरचे डॉक्टर म्हणाले, "ताई, भोग आहेत. भोगल्याशिवाय सुटका नाही."

वडील वारकरी होते. वागळे इस्टेटमध्ये लेथवर अठ्ठावीस वर्षं उभे राहिले आणि सुट्टी साठवून दर आषाढीला पायी पंढरपूरला गेले. रात्री दातांत टॉवेल धरून तेही पुटपुटायचे, "माउली, भोगून घेतो." तो त्यांचा अधिकार होता. ज्याचं दुखतं त्याने प्रारब्ध म्हणावं. ज्यांच्या हातात औषधाच्या कपाटाची किल्ली आहे, त्यांना तो शब्द वापरता येणार नाही. नाथांनी काशीची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली, तेव्हा त्याच्या पूर्वजन्माची चौकशी केली नव्हती. हे आमच्या घरात वडिलांनीच शिकवलं.

माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांनाही हाच आजार. घोडबंदर रोडच्या एका खासगी रुग्णालयात त्यांचं दुखणं तासाभरात आटोक्यात आलं. ते चहा प्यायले, नातवाशी बोलले. माझ्या वडिलांना कूसही बदलता येत नव्हती. दोघांच्या प्रारब्धात फरक होता की खिशात?

आणि हे औषध परदेशातून आणायचं नाही. मॉर्फिन अफूपासून बनतं, आणि अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने पिकते. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने रुग्णालयं घाबरली होती, म्हणून संसदेने 2014 मध्ये तो सैल केला. केरळने तर 2008 मध्येच अशा रुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी धोरण आणलं. तिथे नर्स घरी येऊन जखम धुते, गोळ्या देते. आपल्याकडे काय अडलंय? राज्यघटनेच्या कलम 47 मध्ये सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य लिहिलंय. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात 2025 पर्यंत आरोग्यावर जीडीपीच्या अडीच टक्के खर्चाचं वचन होतं. ते वर्षही गेलं. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत 18 रुग्ण गेले, तेव्हा सगळे पक्ष धावत आले होते. माझे वडील एकोणीस दिवस कण्हत होते, तिकडे कोणी फिरकलं नाही. मरण मोजता येतं, कण्हणं कुठल्याच रजिस्टरला चढत नाही.

महोदय, वडील परत मागत नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनची गोळी ठेवा, ती देणारा एक डॉक्टर आणि एक नर्स नेमा. रात्रपाळीलासुद्धा, कारण दुखणं रात्रीच वाढतं. वडिलांच्या शेजारच्या खाटेवर मुरबाडहून आलेल्या एक आजी होत्या, गर्भाशयाचा कॅन्सर. त्या अजून तिथेच आहेत, आणि त्यांच्या मुलाच्या हातात तीच चिठ्ठी आहे.

आपली,
एक मुलगी, लोकमान्यनगर, ठाणे