गूगलला कमी पडते ती चिकाटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गूगलने अलीकडे नवे, यशस्वी असे काही घडवलेलेच नाही, हे आता सर्रास बोलले जाते. जीमेल २००४ चे, नकाशे २००५ चे, क्रोम २००८ चे आणि यूट्यूब तर २००६ मध्ये विकत घेतलेले, हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. माझ्या मते मात्र हे निदान चुकीचे आहे. या कंपनीत कल्पकतेचा दुष्काळ नाही. हाती घेतलेले काम रुजेपर्यंत धीर धरण्याची तयारी तिच्यात राहिलेली नाही.

मुंबईचेच उदाहरण घ्या. मे २०१८ मध्ये गूगलने ‘नेबरली’ हे अ‍ॅप सर्वप्रथम मुंबईत आणले. आपल्या भागात चांगली शिकवणी कोठे, लहान मुलांना संध्याकाळी खेळायला कोठे न्यावे, असे प्रश्न विचारावेत आणि आसपासच्या रहिवाशांनी त्यांची उत्तरे द्यावीत, अशी ती सोय होती. अशा सेवेत वस्तीगणिक विश्वास जमावा लागतो आणि त्याला वर्षे लागतात. ती मात्र मे २०२० मध्ये बंदही झाली. रेल्वे स्थानकांवरील मोफत वायफायमधूनही कंपनीने त्याच वर्षी अंग काढून घेण्याचे जाहीर केले, पण मोबाइल डेटा स्वस्त झाल्याचे तिथे दिलेले कारण पटण्यासारखे होते.

जाहिरातींच्या प्रचंड उत्पन्नाशी तुलना केली की काही लाख निष्ठावंत वापरकर्ते नगण्य वाटू लागतात, हे या रोगाचे मूळ असावे. जुलै २०१३ मध्ये निरनिराळ्या संकेतस्थळांवरील नवे लेख एकाच जागी वाचू देणारे ‘रीडर’ बंद झाले, तेव्हा ते रोज उघडणाऱ्या वाचकांची हळहळ कंपनीचा निर्णय बदलू शकली नाही. त्याची किंमत पुढच्या उत्पादनांना मोजावी लागते. २०१९ मध्ये आलेली ‘स्टेडिया’ ही इंटरनेटवरून व्हिडिओ गेम खेळण्याची सेवा कितपत टिकेल, अशी शंका पहिल्यापासूनच घेतली गेली. लोक बिचकले आणि जानेवारी २०२३ मध्ये ती खरोखरच गुंडाळली गेली.

याउलट सप्टेंबर २०१७ मध्ये आलेले ‘तेज’ पाहा. यूपीआयची भक्कम सार्वजनिक व्यवस्था पाठीशी होती हे खरे. पण मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे आणि दोन फोनमध्ये ध्वनीच्या साहाय्याने पैसे पाठवू देणारे ते अ‍ॅप इथल्या गरजा ओळखून बनवले होते. आज ‘गूगल पे’ या नावाने ते भाजीवाल्यांच्या गाड्यांपर्यंत पोहोचले आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या चालकरहित मोटारीच्या प्रकल्पालाही अमेरिकेतील फिनिक्स शहराच्या परिसरात सर्वसामान्य प्रवाशांसाठी चालकाविना धावायला २०२० उजाडले. तिथे कंपनीने धीर धरला आणि त्याचे फळ तिला मिळाले.

म्हणून आपल्या तंत्रज्ञानविषयक पानावर अशा नव्या सेवांची ओळख करून देताना ती किती काळ चालवण्याची हमी कंपनीने दिली आहे आणि ती बंद झाल्यास आपली माहिती बाहेर कशी काढायची, हेही छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, ठाणे