भागीदार, पूर आणि हळदीची पोती

सांगली

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. भागीदारानं हिशेबात घोळ घातला, हे वाचून वाईट वाटलं. पण 'माणूस मुळातच खोटा' हे तुझं वाक्य काही मला पचेना.

सरसकट खोटा माणूस मला अजून भेटायचाय. सरसकट खरा तर त्याहून दुर्मीळ. कुणापुढं खरं वागायचं आणि कुणापुढं नाही, हे जो तो मनाशी ठरवून बसलेला असतो.

2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, आठवतंय ना? ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. ओळखीतल्या एकाच्या घरात पाणी जेमतेम उंबऱ्यापर्यंत आलेलं. पठ्ठ्यानं गाळात हात बुडवून भिंतीवर कमरेएवढी रेघ ओढली. इतकी सरळ, की कृष्णामाईलाही जमली नसती! त्याच माणसाकडं शेजारच्या आजीनं घर सोडताना दागिन्यांचा डबा ठेवायला दिला होता. तो त्यानं फडक्याची गाठही न सोडता परत केला.

याला चोर म्हणू की साव? सरकारचा पैसा म्हणजे त्याच्या लेखी कुणाचाच नाही. आजी मात्र रोज दारात दिसणार. कुणाला तोंड दाखवायचं नसलं की माणूस सैल सुटतो.

मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघ कधी. पोत्यात वर सगळी टपोरी हळकुंडं. व्यापारी तिकडं बघतही नाही, थेट मधे हात घालतो, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. शेतकऱ्याला राग येत नाही, कारण तपासणी होणार हे दोघांनाही ठाऊक असतं. तू मात्र 'विश्वास आहे' म्हणत भागीदाराच्या वह्या कधी उघडल्याच नाहीस. तो तिकडं, तू पुण्यात. फोनवर थाप मारायला काय लागतं?

आपल्या माहुलीच्या रामशास्त्र्यांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. आपण त्यांचं नाव घेतो ते बहुतेक दुसऱ्याला सुनवायला.

तेव्हा वकिलाची नोटीस जरा थांबव. वह्या घेऊन त्याच्या घरी जा, समोर बस आणि एकेक आकडा विचार. तरीही नजर न चुकवता खोटं बोलला, तर मग नोटीस आहेच. मी सोबत येतो हवं तर, रविवार सोडून कधीही.

वहिनींना नमस्कार सांग. भडंग पाठवतोय.

तुझा,
मित्र