‘उंदरातली गाठ नाहीशी’ एवढ्यावर बातमी संपू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कर्करोगावर नवे औषध, उंदरातील गाठ नाहीशी’ अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. मिश्री आणि तंबाखूमुळे होणारे गालाचे, हिरडीचे कर्करोग आपल्या कोकणाला नवे नाहीत. ज्या घरात असा रुग्ण आहे तिथे ही बातमी ‘थोडं थांबू, औषध येतंय’ अशी वाचली जाण्याचा धोका असतो. म्हणून त्या प्रयोगात काय घडते ते लिहीत आहे.

माणसाची गाठ साध्या उंदरात रुजत नाही. उंदराचे शरीर ती परकी म्हणून नष्ट करते. १९६९ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी थायमस ग्रंथी (प्रतिकार करणाऱ्या टी पेशी जिथे तयार होतात ती) आणि केस नसलेल्या ‘न्यूड’ उंदरात माणसाच्या मोठ्या आतड्याची गाठ वाढवून दाखवली. पुढे टी, बी आणि एनके या तिन्ही प्रकारच्या प्रतिकारपेशी नसलेले उंदीरही तयार झाले. ते गाळलेल्या हवेच्या पिंजऱ्यात, निर्जंतुक खाद्यावर ठेवावे लागतात.

ऑपरेशनमध्ये निघालेला तुकडा थंड पोषक द्रावणातून काही तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. नेहमीप्रमाणे फॉर्मलिनच्या बरणीत टाकला तर पेशी मरतात आणि तो या कामाला निरुपयोगी ठरतो. कुजका भाग काढून दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे उंदराच्या कुशीत कातडीखाली बसवतात. तोंडातल्या गाठीला जंतू आणि बुरशी चिकटलेली असते. ती अँटिबायोटिक द्रावणात नीट धुतली नाही, तर गाठ वाढण्याआधी उंदीरच दगावू शकतो. सगळ्या गाठी रुजत नाहीत, रुजल्या तरी कित्येक महिने जातात. बळावलेल्या आजाराच्या रुग्णाला तेवढा अवधी नसतो.

गाठ साधारण १०० ते २०० घन मिलिमीटर झाली की उंदरांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून औषध सुरू करतात. कॅलिपर या चिमट्यासारख्या मापकाने लांबी-रुंदी मोजायची. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन, हे आकारमान. इथे घोटाळा सहज होतो. १२ बाय ८ मिलिमीटरची गाठ ३८४ घन मिलिमीटर भरते. रुंदी चुकून ९ घेतली तर ४८६. एका मिलिमीटरने पावपटीहून जास्त फरक! म्हणून मोजणाऱ्याला कोणत्या उंदराला औषध दिले ते माहीत नसावे. वजनही पाहावे लागते. औषधाने उंदीर खंगला तरी गाठीची वाढ मंदावते, आणि ते यश नव्हे. वजन वीस टक्के घटले तर सहसा त्या उंदराचा प्रयोग थांबवतात, आणि तसेच करायला हवे.

मात्राही तशीच्या तशी माणसाला लागू होत नाही. उंदराची प्रतिकिलो मात्रा ढोबळमानाने बाराने भागावी लागते. जी मात्रा उंदराने पचवली ती माणसाला झेपेलच असे नाही.

सर्वांत मोठी उणीव प्रतिकारशक्तीची. उंदरातून उंदरात गाठ लावत गेले की तिच्यातल्या मानवी आधारपेशी आणि रक्तवाहिन्यांची जागा उंदराच्या पेशी घेतात. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब हे औषध अवघ्या २० मिलिग्रॅमच्या मात्रेत दर तीन आठवड्यांनी, इतर औषधांच्या जोडीने देऊन रुग्णांना फायदा होतो हे दाखवले. हे औषध आपल्याच टी पेशींवरचा ब्रेक काढते. टी पेशीच नसलेल्या उंदरात त्याचा गुण दिसणार कसा? त्यासाठी मानवी रक्तपेशी रुजवलेले वेगळे, महागडे उंदीर लागतात.

हे प्रयोग निरर्थक नाहीत. कोणते औषध पुढे न्यायचे, कोणते सोडायचे हे ठरवायला ते लागतात, आणि त्यापायी उंदरांचा जीव जातो म्हणून ते नेटकेच व्हायला हवेत. विनंती इतकीच, की अशी बातमी देताना चार गोष्टी छापाव्यात: उंदीर कोणत्या जातीचा, गाठ थेट रुग्णाची की प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेल्या पेशींची, ती खरोखर गेली की फक्त वाढ मंदावली, आणि माणसांवर चाचणी सुरू झाली आहे का. शेजारी ठळक चौकटीत एक ओळ द्यावी: तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टरांना दाखवा, आणि ठरलेली ऑपरेशनची तारीख अशा बातमीवरून पुढे ढकलू नका.

— या विषयाचा एक अभ्यासक, चिपळूण, जि. रत्नागिरी