फोटो मोतीबिंदूचा, लेख काचबिंदूचा

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पानावरचा 'काचबिंदूची सुरुवातीची लक्षणं ओळखा' हा लेख वाचला. दोनदा वाचला आणि खरं सांगतो, डोकं फिरलं. एक तर फोटो छापलाय मोतीबिंदूचा. बाहुलीत पांढरं दिसतं तो मोतीबिंदू हो! काचबिंदू हळूहळू वाढत असतो तेव्हा बाहेरून डोळा अगदी ठणठणीत दिसतो, तिथेच तर सगळा घोळ आहे.

आणि ती लक्षणांची चौकट. डोकं ठणकणं, उलटी, डोळा लाल, दिव्याभोवती रंगीत वलयं. अहो ही डोळ्यातलं प्रेशर अचानक चढतं त्या प्रकाराची लक्षणं, तसं झालं तर त्याच रात्री डॉक्टर गाठायचा, पित्ताची गोळी घेऊन झोपायचं नाही (आमच्या मेव्हणीने घेतली होती, असो). पण बहुतेकांना होतो तो गपचूप येतो. दुखत नाही, खुपत नाही. मग ओळखायचं काय, कपाळ?

माझंच सांगतो. वय ६१. काही वर्षांपूर्वी अमावस्येला गोदाघाटावर शेवटची पायरी दिसलीच नाही, आपटलो. मग घरात स्टुलाला, कुत्र्याला, कशालाही पाय लागायला लागला, बायको म्हणे खाली बघून चाला. मी सगळं खापर नव्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यावर फोडलं आणि वर्षात तीन चष्मे बदलले, दुकानदार खुश. एका फुकट शिबिरात डोळ्यावर हवेचा फटका मारून प्रेशर बघितलं, १७ आलं. १० ते २१ नॉर्मल असतं काका, मोतीबिंदूही नाही, मजा करा म्हणाले. केली मजा.

शेवटी एका डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, डोळ्याच्या मागची नस बघितली आणि लगेच फील्ड टेस्टला, म्हणजे कडेचं किती दिसतं त्या तपासणीला, बसवलं. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकलेला, समोर पांढरा वाडग्यासारखा पडदा, नजर मधल्या ठिपक्यावरच ठेवायची आणि कडेला बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. बराच वेळ काहीच चमकेना म्हणून मी विचारलं, ताई मशीन बंद पडलं का? ती म्हणाली, चालू आहे काका, बघत राहा. कागद हातात आला तर डाव्या डोळ्याचा खालचा भाग जवळजवळ काळा, उजव्याचाही सुरू झालेला. आणि मी तोपर्यंत रोज सकाळी तुमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत होतो! प्रेशर नॉर्मल असूनही नस खराब होऊ शकते, म्हणजे काचबिंदू होऊ शकतो, हे तेव्हा कळलं. गेलं ते परत येत नाही, रोज रात्री थेंब टाकायचा तो फक्त उरलेलं राखायला. थेंबाने पापण्या मात्र नटीसारख्या लांब झाल्यात.

आता खरी तक्रार. सख्ख्या भावाबहिणींना धोका जास्त असतो, हे तुमच्या लेखात एका ओळीतही नाही. नाशिकरोडला राहणाऱ्या धाकट्या भावाच्या मी दोन वर्षं मागे लागलोय की बाबा, चाळिशी कधीच ओलांडलीस, नस तपासून घे. परवा कुठे हो म्हणाला होता. काल सकाळी साडेआठला फोन, "दादा, पेपरात आलंय बघ, त्यातलं एकही लक्षण मला नाही, उगाच कशाला पैसे घालवू?" झालं! माझी दोन वर्षांची कटकट तुमच्या एका चौकटीने धुऊन टाकली. तेव्हा दुरुस्ती छापा, आणि ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, कालच्या जागी तेवढ्याच आकारात छापा. मी कापून त्याच्या घरी नेऊन देतो.

आपला नियमित (अजून तरी) वाचक,
इंदिरानगर, नाशिक

ता. क. ती चौकट फिक्या निळ्यावर पांढऱ्या अक्षरात कोणी लावली? डोळ्यांच्या लेखाला! मला भिंग घ्यावं लागलं.