हार्ड डिस्क माझ्या हातात ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांना वाचता येईल असं उघड लिहितेय.

२०१९ च्या महापुरात आमच्या भागातली वीज गेली, मोबाइल मुके झाले, तेव्हा बाबा म्हणाले होते, अशा वेळी हॅम रेडिओवालेच, म्हणजे हौसेने स्वतःच्या रेडिओ सेटवरून संदेश पाठवणारेच, कामाला येतात. तेव्हापासून त्याच्या लायसन्सची परीक्षा द्यायचं मनात होतं. बाबा गेले आणि त्यांचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आला. रेडिओचं सॉफ्टवेअर यावर चालेल का, एवढंच विचारायला मी आधी दुसरीकडे गेले होते. एकाने पुरतं ऐकूनही न घेता "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणत मशीन ओढून घेतलं. यात बाबांचे फोटो आहेत, फाउंड्रीचे हिशेब त्यांच्या हातचे आहेत, असं मी सांगत होते आणि त्याची नजर मोबाइलवर. दुसऱ्याने तर "भंगारात घाला, नवीन घ्या" म्हणून गिऱ्हाइकांसमोर हसून दाखवलं. तो अपमान अजून उतरलेला नाही.

तुम्ही आधी चहा सांगितलात. बाबांबद्दल विचारलंत. मग लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढलेत, हार्ड डिस्क अलगद बाहेर घेतलीत, खिशातल्या रुमालाने पुसलीत आणि माझ्या तळहातावर ठेवलीत. "ताई, ही धरा. पर्समध्ये ठेवा. आता हिकडं काय बी झालं तरी तुमच्या बाबांच्या फोटूला धक्का न्हाई." त्यानंतरच तुम्ही लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीची, डीव्हीडी आत सरकवलीत.

काका, त्या क्षणी मला काय वाटलं ते मला तेव्हा बोलता आलं नाही. माझी भीती तुम्ही खोटी ठरवली नाहीत की तिच्यावर व्याख्यान दिलं नाहीत. ती डिस्क माझ्या मुठीत होती आणि समोर तोच लॅपटॉप, पोटात काही नसताना, नुसत्या डीव्हीडीवर सुरू होत होता. सगळा कारभार रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, चालतो, बंद केलं की मागे काही उरत नाही, हे तुम्ही नंतर समजावलंत.

फ्लडिजी, डब्ल्यूएसजेटी-एक्स, जीप्रेडिक्ट, रेडिओची ही सगळी सॉफ्टवेअर त्यात आधीच भरलेली. तुमच्या सेटची वायर जोडून १४.०७४ मेगाहर्ट्झ लावलंत आणि एफटी-८ या संदेशपद्धतीने दर पंधरा सेकंदांनी पडद्यावर कॉलसाइन, म्हणजे हॅमवाल्यांची ओळखचिन्हं, उमटू लागले. घड्याळ साडेपाच तास पुढे दिसत होतं, तेही तुमच्याच नजरेला आलं. लॅपटॉपमधली भारतीय वेळ लिनक्सने जागतिक वेळ समजून घेतली होती. ते नीट केलंत, आणि सेटिंग पुसली जाऊ नयेत म्हणून ती ठेवायला स्वतःचा पेन ड्राइव्ह दिलात. पैसे विचारले तर रागावलात.

एफटी-८ ही पद्धत २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर यांनी आणली, आणि टेलर म्हणजे १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ, हे मला तुमच्याकडूनच कळलं. एवढ्या मोठ्या माणसाने सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं ठेवलं, त्या डीव्हीड्या कुणीतरी घरी बसून जुळवल्या, आणि तुम्ही एक अनोळखी बाई दारात आली म्हणून दुपार मोडलीत. मला ही सगळी एकाच जातकुळीची माणसं वाटतात. ज्ञान असलेले आपल्याकडे पुष्कळ भेटतात. समोरच्याचा जीव कशात अडकलाय हे आधी बघणारे फार थोडे.

आता एक विनंती. दोन लॅपटॉप समोरासमोर ठेवून एकाच्या स्पीकरमधून पीएसके-३१ चा, म्हणजे अक्षरं सुरांत बदलून पाठवायच्या पद्धतीचा, आवाज सोडायचा आणि दुसऱ्याच्या माइकवरून अक्षरं उमटवायची, हा तुम्ही दाखवलेला प्रकार मला शाळेत आठवीच्या पोरांना दाखवायचाय. त्याला सेट लागत नाही, लायसन्सही लागत नाही. डीव्हीडीच्या प्रती काढून ठेवल्यात. दिवाळीच्या सुट्टीआधीचा कुठलाही शनिवार सांगा, सकाळची शाळा असते. काकूंनाही घेऊन या, जेवण आमच्याकडेच.

तुमची,
शिवाजी पेठेतली गणिताची बाई