भाड्याच्या बदल्यात गोष्टी

निशी-कासाई, टोकियो

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, येता-जाता कानात घालून एवढं काय ऐकत असतेस? ते धावत्या फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून निवांत लिहायला बसले.

इथे टीबीएस रेडिओवर सोमवार ते गुरुवार सकाळी ११ वाजता एका बाईंचा कार्यक्रम लागतो. तेव्हा आपल्याकडे साडेसात वाजलेले असतात, म्हणजे तुमचा दुसरा चहा चालू असतो. मी तो मागाहून, संध्याकाळी गाडीत ऐकते. बाईंचं नाव जेन सू. हे त्यांचं टोपणनाव. बाई अस्सल जपानी, १९७३ मध्ये टोकियोत जन्मल्या आणि इथेच वाढल्या. आधी गाण्यांच्या कंपन्यांत नोकरी केली, मग गीतं लिहिली, ब्लॉग लिहिला. चाळिशीला आल्यावर, २०१३ मध्ये पहिलं पुस्तक आलं. २०१५ मध्ये त्यांना कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचा निबंध-पुरस्कार मिळाला. तो तेव्हा इथे फार मानाचा होता. रोजचा कार्यक्रम सुरू झाला एप्रिल २०१६ मध्ये.

त्यात लोक आपल्या अडचणी लिहून पाठवतात. सासर, ऑफिस, न झालेलं लग्न, भावंडांतले अबोले. बाई पत्र वाचतात आणि त्या माणसाला खरं टोचतंय काय, ते आधी शोधतात. उपदेश नाही, उगीच गोंजारणं नाही. कुणी रडगाणं लिहिलं असलं तरी त्याचा मान ठेवून बोलतात. या परक्या शहरात असा एक शहाणा आवाज रोज कानावर पडतो, याचा मला फार आधार आहे.

पण पत्र लिहायला बसले ते त्यांच्या वडिलांमुळे.

जेन सू चोवीस वर्षांच्या असताना त्यांची आई कॅन्सरने गेली. पुढे कधीतरी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला माहीत होती ती फक्त 'आई'. बायको म्हणून, एक बाई म्हणून ती कशी होती, हे आपण तिला कधी विचारलंच नाही, आणि आता विचारायला ती नाही. वडिलांच्या बाबतीत तसं व्हायला नको, असं त्यांनी ठरवलं. वडील १९३८ चे. माणूस बोलका, हौशी, पण घरच्यांना पुष्कळ त्रास दिलेला. पैसा आला तसा गेला, टोकियोच्या कोइशिकावा भागातलं राहतं घरही सोडावं लागलं. बापलेकीचं एका छपराखाली कधी फार जमलं नाही.

एकदा वडिलांना जागा बदलायची होती. नव्या जागेचं भाडं तू भरशील का, म्हणून त्यांनी लेकीला विचारलं. ती म्हणाली, भरते, पण मग मी तुमच्यावर लिहिणार. ते कबूल झाले! त्यातून २०१८ मध्ये पुस्तक आलं आणि २०२१ मध्ये त्यावर टीव्ही मालिकाही झाली. पुस्तकात दोघं आईच्या अस्थी ठेवल्या आहेत तिथे जातात, बाहेर जेवतात, आणि जेवता जेवता ती वडिलांना जुनं काही काही विचारत राहते. युद्धाच्या वेळचं लहानपण, धंद्याचे दिवस, आईशी ओळख कशी झाली ते. वडिलांना तिने देव केलं नाही आणि चव्हाट्यावरही आणलं नाही. राग आहे तिथे राग लिहिला, माया आहे तिथे माया. मला हे फार मोठं वाटतं.

वडील ऐंशीच्या पुढे गेल्यावर एकटे राहू लागले, त्या काळावर जेन सू यांचं २०२५ मध्ये आणखी एक पुस्तक आलं. अंथरुणाला खिळलेले नाहीत, पण बाटलीचं झाकण काही हाताला उघडत नाही, घरातला पसारा वाढत चाललाय, अशी ती अवस्था. ऑफिसचं काम हाताळावं तशी लेक एकेक अडचण घेते आणि तोडगा काढते. ते वाचताना बाबा, तुमचा गुडघा आणि आपला जिना डोळ्यांपुढे येत होता. कठड्याचं काम मी येईपर्यंत थांबवून ठेवू नका, सुताराला आजच सांगा. पैसे पाठवले आहेत.

आता माझं मागणं. बाबा, ७२ च्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला जात होतात, हे मला काकांकडून कळलं. तुम्ही तेव्हा अकरावीत. सुकडी मिळायची आणि मिलो ज्वारीची लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही, एवढंच ते बोलले. मुकादम कोण होता, मजुरी हातात पडायची की घरी द्यायचात, शाळा सुटेल अशी भीती वाटली का, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय.

आणि आई, लग्नाआधी तू मिरजेला टेलिफोन एक्सचेंजमध्ये होतीस. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचा बोर्ड, रात्रपाळी. लोकांच्या जन्माच्या न् मरणाच्या बातम्या तुझ्या हातून जोडल्या जायच्या. त्यावर तू आम्हाला एक अक्षर सांगितलं नाहीस. नोकरी तू आपणहून सोडलीस की सोडावी लागली? तेव्हा वाईट वाटलं का? बाबांना बरं वाटो न वाटो, मला खरं ते सांग.

लिहायचा कंटाळा येत असेल तर व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा. दोघांनी एकत्र बसून नको, वेगवेगळं बोला. एकत्र बसलात की आई गप्प बसते आणि बाबा तिचंही सांगून टाकतात. मोबाइलवर रेकॉर्ड कसं करायचं ते चिनू रविवारी येऊन दाखवेल, त्याला मी सांगून ठेवलंय. आई, तू आधी सुरू कर, रात्रपाळीपासून.

तुमची,
मनू